अप्पांचा फोन, अप्पांचं बोट

"तितं न्हाई अप्पा. त्याच्या खालच्या रेघंवर बोट ठेवा."

"ठेवलालो की."

"बोट म्हणलं मी. तुमचा अंगठा पडलाय. अंगठ्याखाली दोन-दोन रेघा येतात."

नांदेडला आमच्या लॅबच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या मधे स्टूल टाकून मी बसले होते आणि माझ्या फोनवर मला अप्पांच्या फोनचा पडदा दिसत होता. अप्पा म्हणजे माझे वडील, विरूपाक्ष. ते तिकडे निलंगा तालुक्यातल्या माळेवाडीत, घराच्या ओट्यावर. मधे एसटीचा अर्धा दिवस. दोन्ही फोनांत एक मदतीचं अ‍ॅप टाकून मी त्यांचा फोन इकडे बसून बघू शकत होते, चालवूही शकत होते. तरी त्या दिवशी बोट कुठं ठेवायचं ते मी त्यांना तोंडी सांगत होते, कारण त्या एका पानावर माझी काही मात्रा चालत नव्हती.

पण हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. आधी टॉवरचं सांगायला हवं.

माळेवाडी हे आपल्या राज्यातलं शेवटचं गाव. ओढा ओलांडला की कर्नाटक. आमची अर्धी सोयरीक तिकडची, अव्वाचं म्हणजे माझ्या आईचं माहेर भालकीकडचं, त्यामुळे ओढ्याला सीमा वगैरे म्हणायची आम्हाला सवय नाही. फोनला मात्र सीमा कळते. पलीकडच्या माळावर कर्नाटकातला टॉवर आहे, तो जवळ. आपला निलंग्याकडचा लांब. फोनचं काय, जो जवळ दिसेल त्याच्या गळ्यात पडतो. ओट्यावर बसलं की महाराष्ट्र, न्हाणीपाशी गेलं की कर्नाटक. मग कर्नाटकात आपलं स्वागत आहे असा कानडीत मेसेज येतो, आणि अप्पा तो दर वेळी उघडून वाचतात. कुणी स्वागत करतंय तर न वाचता कसं सोडायचं, असं त्यांचं म्हणणं.

बोलणं दोन्हीकडून होत होतं, म्हणून गावात कुणी मनावर घेतलं नव्हतं. गेल्या श्रावणात आम्हाला ते घ्यावं लागलं. दुपारची वेळ, अव्वाच्या छातीत कळ आली आणि ती घामाघूम होऊन चुलीपाशीच बसली. अप्पांनी १०८ लावला. फोन त्या घटकेला पलीकडच्या टॉवरवर होता, तेव्हा कर्नाटकातल्या बाईंनी उचलला. अप्पांना कानडी येतं, त्यांनी सगळं नीट सांगितलं. त्या बाईंनीही मनापासून ऐकून घेतलं, पण गाव त्यांच्या राज्यातलं नव्हतं. तरी त्या धीर देत इकडचा फोन जोडून द्यायच्या खटपटीला लागल्या. तेवढ्यात शेजारच्या मडिवाळप्पांनी आपल्या टेम्पोतले टोमॅटोचे कॅरेट रस्त्यावर उतरवले, अव्वाला आत निजवलं आणि निलंग्याला नेलं. अव्वा वाचली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं पुन्हा होऊ शकतं, आणि त्या वेळी टेम्पोवर भागणार नाही, ऑक्सिजनची गाडीच लागेल.

त्यावर माझ्या यजमानांनी, मल्लिनाथांनी, सरळ तोडगा काढला. दोघांना नांदेडला आणायचं. मी एकुलती एक, घर मोठं, दवाखाना हाकेच्या अंतरावर. बोलण्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. अव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. अप्पा "हाव" म्हणाले.

अप्पांच्या होकाराला फारसा अर्थ नसतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे होते. वरच्या आळीतली बाई म्हणायची, आज पाहुणे आहेत, जरा जास्त वेळ सोडा. अप्पा म्हणायचे हाव. खालच्या आळीचा माणूस म्हणायचा, आमच्याकडे लग्न आहे. हाव. मग ते रोजच्यासारखंच पाणी सोडायचे आणि कुणी भांडायला आलं तर त्याचंही हाव म्हणून ऐकून घ्यायचे. समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. एकाच बाबतीत ते हटून बसायचे. व्हॉल्व फिरवायची ती लांब दांड्याची लोखंडी चावी त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही. सरपंचांनी मागितली तरी नाही, अंगात ताप असला तरी नाही. घोंगडी पांघरून जायचे, पण चावी स्वतः फिरवायचे. घाईनं फिरवली तर पाइप फुटतो, एवढंच कारण सांगायचे.

तेव्हा नांदेडचं हाव म्हणून झालं, आणि दोघं माळेवाडीतच राहिली. शेवटी मीच अट घातली. दिवाळीपर्यंत फोन महाराष्ट्रात आणून दाखवा आणि तिथं टिकवून दाखवा, नाहीतर सामान बांधा. अव्वानं तेव्हा अप्पांकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. तिला तिची म्हैस, परसातला कढीपत्ता आणि संध्याकाळी मठात भेटणाऱ्या चार बायका सोडून कुठंही जायचं नव्हतं. आता ते सगळं त्या फोनवर येऊन ठेपलं होतं.

अप्पा कामाला लागले. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं एक अ‍ॅप त्यांनी फोनमध्ये घेतलं. टॉवर पक्का धरून ठेवतो अशी त्याची जाहिरात होती. अ‍ॅपनं विचारलं, तुमची नावं-नंबर बघू का? हाव. फोटो बघू का? हाव. तुम्ही कुठं आहात ते बघू का, मेसेज वाचू का, बोलणं ऐकू का? अप्पांनी सगळ्याला होकार दिला. पुढच्या रविवारी मी गावी गेले तेव्हा फोन हातात घेतला तर जाहिरातींनी नुसता उकळत होता. मी कपाळाला हात लावला आणि विचारलं, एवढ्या सगळ्याला हो का म्हणलाव?

"दारात उभं ऱ्हाऊन इचारलालंय, आत येऊ का म्हणून," अप्पा म्हणाले. "न्हाई कसं म्हणावं?"

आम्ही लिंगायत, आमच्या दारातून जंगम कधी भिक्षा घेतल्याशिवाय परत गेलेला नाही. वाट चुकलेला माणूससुद्धा निदान पाणी पिऊन गेला आहे. तोच नेम अप्पांनी फोनला लावला होता. त्या अ‍ॅपनं टॉवर काही धरला नाही, पण अप्पांच्या फोनमधल्या एकूण एक माणसाला मेसेज धाडला की विरूपाक्ष यांनी तुम्हाला बोलावलं आहे. उदगीरचे बसलिंगप्पामामा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले. कार्यक्रम काय आहे ते कळलं नव्हतं, पण बोलावणं आलं म्हटल्यावर न येऊन कसं चालेल? अव्वानं त्यांना धपाटे करून घातले, दोन दिवस ठेवून घेतलं. अ‍ॅपच्या हातून झालेलं एवढंच एक चांगलं काम.

मी एकेक परवानगी काढून घेत गेले आणि अप्पा शेजारी अवघडून बसले, पाहुण्याला ताटावरून उठवताना बसावं तसे. मी त्यांना समजावलं की टॉवर निवडायचं काम कुठल्याच बाहेरच्या अ‍ॅपला करता येत नाही. फोन बनवणाऱ्यांनीच ते बंद ठेवलंय, नाहीतर कुणीही उपटसुंभ आत शिरून तुमचा फोन भलतीकडे नेऊन बांधेल. ते आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन करायचं असतं. मग मीच ते करून दाखवलं. 'आपोआप निवडा' बंद केलं, फोननं शोध घेतला, आणि एकाच कंपनीची दोन नावं समोर आली. एकापुढं इंग्रजीत एमएच, दुसऱ्यापुढं केए. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ही दोन अक्षरं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतात, गाड्यांच्या पाट्यांवर जन्मभर बघितलेली असतात. मी एमएच निवडलं. न्हाणीपाशी जाऊन बघितलं, महाराष्ट्र. गोठ्यात बघितलं, महाराष्ट्र. मी खूश होऊन एसटीत बसले.

अहमदपूर यायच्या आत अव्वाचा फोन आला की कानडी मेसेज पुन्हा आलाय. झालं असं होतं की वीज गेली आणि त्याबरोबर आपला टॉवरही झोपला. फोनवर नेटवर्कची एकही रेघ दिसेना म्हणून अप्पा घाबरले, त्यांनी फोन बंद करून चालू केला, नको ती बटणं दाबली आणि फोन पुन्हा होता तिथं गेला. हे दर आठवड्याला होणार होतं. दर आठवड्याला काही मी माळेवाडीला जाणार नव्हते.

निघताना मी ते मदतीचं अ‍ॅप मात्र टाकून आले होते. मी नांदेडहून मागणी पाठवायची, मग अप्पांच्या फोनवर प्रश्न येणार, मंजुश्रीला तुमचा फोन बघू द्यायचा का? त्यांनी होय दाबलं की मला त्यांचा पडदा दिसणार.

"तुलाबी इचारावं लागतंय का?" अप्पांनी विचारलं होतं.

लागतं, मी म्हटलं. ते पडद्याकडे बघत म्हणाले की हे बरं हाय. त्यात बरं काय, ते मी विचारलं नाही.

तर असं करत आपण त्या सकाळी येऊन पोचलो. मी मागणी पाठवली, अप्पांनी होय दाबलं, मी इकडून झपाझप त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरले. 'आपोआप निवडा'वर आले आणि बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. मग वर एक ओळ उमटली आणि अप्पांनी ती पाट्या वाचायच्या सुरात मोठ्यानं वाचली, "सुरक्षेच्या कारणासाठी ही सेटिंग दुसऱ्या अ‍ॅपमधून बदलता येणार नाही."

मी वैतागले. मी काय चोर होते? स्वतःच्या बापाच्या फोनला हात लावायची मला चोरी, आणि त्या भुरट्या अ‍ॅपला मारली तीच फुली मलाही. अप्पांना मी तसं बोलूनही दाखवलं.

"मंग बरोबरच हाय की," ते शांतपणे म्हणाले. "इष्टलिंग ज्यानं त्यानं आपल्याच तळहातावर घ्यावं लागतंय. तुझी पूजा मी करतो म्हणलं तर चालतंय का?"

मला त्या वेळी अध्यात्म नको होतं. बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं ताटकळली होती आणि दिवाळी चार दिवसांवर आली होती. तेव्हा मी शिकवायला घेतलं. रेघ कुठली, बोट कुठलं, अंगठा का नको. आणि मग माझ्या लक्षात आली ती खरी अडचण. 'आपोआप' बंद केलं की फोन असलेला टॉवर सोडतो आणि नवा शोधायला लागतो. तेवढा वेळ त्याला कसलंच नेटवर्क नसतं. म्हणजे अप्पांनी ते बटण दाबलं की मला त्यांचा पडदा दिसायचा बंद होणार होता, आवाजही जाणार होता, कारण बोलणंही त्याच अ‍ॅपमधून चाललं होतं. अवघड भाग तर त्याच्या पुढेच होता.

मी हे सांगितलं तेव्हा तिकडून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"मंग तू ऱ्हाणार न्हाईस?"

"न्हाई अप्पा. तितून पुढं तुमचं तुम्हालाच करावं लागतंय."

हे मी बोलून गेले. फोनबद्दलच बोलत होते, पण वय झालेल्या बापाशी असं काही बोलायची वेळ कुणावर येऊ नये. अप्पांना त्याचं काही नव्हतं. ते पुढचं विचारत होते. मी सांगितलं की एक चक्र फिरत राहील, ते बराच वेळ फिरेल, तेव्हा घाबरून कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बसून राहायचं.

"व्हॉल्व उघडला की आधी हवा येती, मंग पाणी," अप्पा म्हणाले. "ते कळतंय मला. सबूर करतो."

मग दोन नावं येतील. एमएचवर बोट. अंगठा नाही, बोट. आणि मग मला साधा फोन लावायचा. त्यांनी सगळं एकदा माझ्याकडून वदवून घेतलं आणि एकदा स्वतः वदून दाखवलं. मी म्हटलं, दाबा. पडदा जागच्या जागी थिजला, आणि अप्पांचा आवाज गेला.

मी स्टुलावर बसून राहिले. आमच्या लॅबमधली सिंधु आत डोकावली. म्हणाली, "मंजूताई, पेशंट केव्हाचे वाट पाहून राहिले." मी उठले. एका आजोबांचं रक्त काढलं, एका बाळंतिणीचं काढलं. एरवी माझ्याकडून शीर एका टोचणीत सापडते, त्या दिवशी त्या बाळंतिणीला दोनदा टोचलं आणि मीच ओशाळले. डोळे सारखे टेबलावरच्या फोनकडे. मनात अप्पा केव्हाच भलतं बटण दाबून बसले होते, फोन कायमचा मुका झाला होता आणि अव्वा भांडी पोत्यात भरत होती. मल्लिनाथांनी त्यांच्यासाठी आमच्या घरी मागच्या खोलीत खाटा टाकल्या होत्याच. खाटा चांगल्या होत्या, त्यांवर गाद्याही नव्या होत्या. त्या नव्या गाद्यांवर दोघं कशी बसतील ते मला दिसत होतं, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी.

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात कापूस होता. मी खांद्यानं कानाशी धरला.

"मंजू," अप्पा म्हणाले, "मी महाराष्ट्रातून बोललालो."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. समोरच्या पेशंटनं विचारलं, काय झालं ताई? मी म्हटलं, काही नाही, वडील घरी पोचले.

त्या दिवाळीला सामान बांधायचा विषय निघाला नाही. उलट अप्पांना ते काम इतकं आवडलं की पुढं पुढं त्यांनी टॉवर जायची वाट बघायला सुरुवात केली असावी असा मला संशय आहे. मठाच्या पायरीवर बसून त्यांनी मडिवाळप्पांचा फोन महाराष्ट्रात आणला, मग पिठाच्या गिरणीवाल्यांचा आणला. दुसऱ्याच्या फोनला मात्र ते स्वतः हात लावत नसत. शेजारी बसायचे आणि त्याच्याच हातून करून घ्यायचे. अंगठा न्हाई, बोट, असं अप्पा सांगत होते ते अव्वानं ऐकलं आणि मला फोनवर नक्कल करून दाखवली. भालकीला जायचं झालं की ते फोन 'आपोआप'वर मोकळा सोडायचे आणि आल्यावर पुन्हा बांधायचे. म्हशीचं करतात तसं.

माघात तो दिवस आला. मला तो दिवस दुसऱ्यांच्या तोंडूनच ठाऊक आहे, कारण ती वेळ उलटेपर्यंत मला कुणी कळवलंच नाही.

अप्पा आदल्या दिवशी भालकीला लग्नाला जाऊन आले होते आणि फोन मोकळाच राहिला होता. दुपारी अव्वा तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसली होती, ती बसल्या जागी कलली. मडिवाळप्पा त्या दिवशी लातूरच्या बाजारात गेलेले, म्हणजे टेम्पोही नव्हता. त्यांच्या घरच्या बाईंनी सगळं बघितलं आणि त्यांनीच मला नंतर सांगितलं. अप्पांनी अव्वाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. डाव्या तळहातावर फोन धरला, बघितलं, तर कर्नाटक. त्या बाई ओरडल्या की लावा ना पटकन. अप्पांनी घाई केली नाही. उजव्या हाताच्या बोटानं एकेक रेघ दाबत गेले. चक्र फिरायला लागलं तेव्हा अव्वानं डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"पाणी येलालंय," अप्पा तिला म्हणाले. "जरा सबूर कर."

एमएच आलं. त्यांनी १०८ लावला. या वेळी मराठीत आवाज आला. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, ओढ्याच्या अलीकडे असं दोनदा सांगितलं, आणि गाडी आली. आत ऑक्सिजन होता, डॉक्टर होते. निलंग्यात थोडा वेळ थांबवून तिला लातूरला हलवलं, आणि सगळं मार्गी लागल्यावर अप्पांचा मला फोन आला.

"अव्वा बरी हाय," ते म्हणाले. "लातूरला हाय आमी. तू जेवलीस का?"

मी खूप चिडले. मला आधी का नाही सांगितलं, मी काय परकी आहे का, असं काय काय बोलले.

"आधी गाडी, मंग तू," अप्पा म्हणाले. "तुला आधी लावला असता तर तू रडली असतीस. तेवढा वेळ नव्हता, बाई."

रात्री मी आणि मल्लिनाथ लातूरला पोचलो. अव्वा झोपली होती, नाकाला नळी होती, पण चेहऱ्यावर रंग होता. अप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते. पायात एक त्यांची चप्पल आणि एक अव्वाची. तसेच गाडीत चढले होते. मल्लिनाथांनी ते बघितलं, खाली गेले आणि नवा जोड घेऊन आले. नांदेडचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, पुढंही नाही. त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

तशी मी बऱ्याच जणांची ऋणी आहे. गाडीतल्या डॉक्टरांची, श्रावणात धीर देणाऱ्या त्या कानडी बाईंची, टोमॅटो रस्त्यावर ठेवणाऱ्या मडिवाळप्पांची. आणि एका अशा माणसाची, ज्याचं नाव-गाव मला कधीच कळणार नाही. कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी टेबलाशी बसून त्यानं फोनमध्ये लिहून ठेवलं की हे एक काम मालकाच्या बोटाशिवाय होणार नाही. मग मागणारा चोर असो नाहीतर पोटची पोर. त्यानं तसं लिहिलं नसतं तर मीच नांदेडहून दर आठवड्याला ते करत राहिले असते, अप्पांना ते कधीच आलं नसतं, आणि माघातल्या त्या दुपारी मी इकडे कुणाच्या तरी दंडाला रबर बांधत उभी असते. त्या सकाळी मी त्याला शिव्या घातल्या होत्या. आज तो भेटला तर मी त्याला घरी जेवायला बोलावीन.

अव्वा माळेवाडीला परत गेली. मेंदूलाही थोडा झटका बसला होता, त्यामुळे आता ती हळू बोलते, मधेच एखादा शब्द तिला सापडत नाही आणि तोवर अप्पा थांबतात. पुढं सुचवत नाहीत. मठापर्यंत चालताना तिला दोनदा बसावं लागतं. पण जाते.

त्यानंतर एके दिवशी दुपारच्या सुट्टीत, डबा उघडण्याआधी, सवयीनं मी अप्पांच्या फोनला मागणी पाठवली. खास काम नव्हतं. अव्वाच्या गोळ्यांचे गजर नीट लावलेत का, पुन्हा कुठल्या अ‍ॅपला घरात घेतलंय का, बिल भरलंय का, एवढंच बघायचं होतं. अधूनमधून मी तसं बघत असे. पडद्यावर ओळ आली, समोरच्या व्यक्तीने परवानगी नाकारली.

मला वाटलं, पुन्हा अंगठा पडला. मी पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. नाकारली.

माझा हात डब्यावरच राहिला. आणि फोन वाजला.

"ते मीच न्हाई म्हणलो," अप्पा म्हणाले. आवाजात अपराध्यासारखं काहीतरी होतं, पण आवाज हलत नव्हता. "चुकून न्हाई. दोन्ही बारी मीच दाबलं. तू मनाला लावून घिऊ नको, बाई."

मी म्हटलं, नाही लावत.

"लई केलीस तू. पण आता माझं मला येतंय. व्हॉल्वची चावी मी कुणाला दिली न्हाई, तुला म्हाईत हाय." मग ते म्हणाले, "अडलं तर मीच तुला बोलावतो. तवा ये."

मागून अव्वा काहीतरी विचारत होती. तिचा शब्द सापडेपर्यंत अप्पा थांबले, मग मला म्हणाले की ती विचारतेय, चैत्रात येणार का, कैऱ्या धरतील तोवर. मी म्हटलं, येते. ते म्हणाले हाव, आणि फोन ठेवला.

सिंधुनं विचारलं, काय म्हणून राहिले अप्पा? मी तिला पडद्यावरची ती ओळ दाखवली. तिनं वाचली आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, काहीतरी वाईट झालं. मी तिला सांगितलं की माझ्या अप्पांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

मग मी माझ्या फोनमधूनही ते अ‍ॅप काढून टाकलं, हात धुतले आणि डबा उघडला.